बर्फ पडला हे कळलं, पण किती आणि कुठल्या उंचीवर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात तुमच्या पेपरात रोज पावसाचे आकडे येतात, पेडणे इतके इंच, सांगे इतके, आणि वाळपईने इंचांची शंभरी गाठली की पहिल्या पानावर बातमी. आमच्या घरी ते आकडे चहाच्या आधी वाचतात. आमचं गोव्यात सावईवेऱ्याला सुपारीचं कुळागर आहे, माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो, ते होते तोवर अंगणात पाऊस मोजायचं भांडं असायचं आणि रोज सकाळी बरोब्बर साडेआठला ते मोजून वहीत लिहायचे, कारण वेधशाळा पण आदल्या दिवशी साडेआठ ते आज साडेआठ असाच पावसाचा दिवस धरते. त्यांच्या वहीत "जोरदार पाऊस" असं कुठेच लिहिलेलं सापडत नाही. मिलिमीटर लिहिलेले सापडतात.

मग डिसेंबर येतो आणि त्याच पेपरात, खरं तर सगळ्याच पेपरांत, "काश्मीरमध्ये जोरदार बर्फवृष्टी, पर्यटक सुखावले" अशी बातमी येते, सोबत पांढऱ्याशुभ्र गुलमर्गचा फोटो, आणि त्यात कुठे पडला, किती उंचीवर पडला, किती सेंटिमीटर, कधी मोजला, जमिनीवर आता किती शिल्लक आहे, ह्यातलं एक अक्षर नसतं. ही बातमी वाचून गोव्यातली किती कुटुंबं पैसे भरतात ते मला माहीत आहे कारण आम्ही त्यातलेच. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा मोठं झालंय, पण कृपा करून कापू नका.

जानेवारी २०२४ ची गोष्ट. घरची आम्ही अकरा माणसं, माझी नणंद, तिच्या मुली, माझ्या जाऊबाईंची ऐंशी वर्षांची आई पण. सगळ्यांना एकदा बर्फ बघायचा होता. टूरवाल्याने नोव्हेंबरातच सांगितलं होतं की जानेवारी म्हणजे बर्फाची गॅरंटी, आणि निघायच्या आठवडाभर आधी त्याने ग्रुपवर व्हिडिओ टाकला, कमरेएवढा बर्फ, पोरं लोळतायत. तो व्हिडिओ जुना होता हे तिथे गेल्यावर कळलं. आम्ही फोनवर रोज श्रीनगरचं तापमान बघत होतो, रात्रीचं उणे चार, उणे पाच, आणि आमची खात्री पटत चालली की एवढ्या थंडीत बर्फ असणारच. पायथ्याच्या टंगमर्गला भाड्याने कोट घेतले, गमबूट घेतले, वर गुलमर्गला पोचलो तर समोर अख्खं माळरान तपकिरी. सुकलेलं गवत आणि घोड्यांची लीद. स्लेजवाले गवतावर स्लेज टेकवून उन्हात बसलेले. नणंदेच्या धाकटीने हातमोजे काढले आणि खाली वाकून गवताला हात लावून बघितला, दव गोठून कडक झालं होतं तेवढंच. जाऊबाईंच्या आईने विचारलं, बर्फ अजून वर आहे का गं? कुणी काय बोलणार.

त्या वर्षी तिथे डिसेंबर आणि जवळजवळ सगळा जानेवारी कोरडा गेला होता. काश्मीरला हिवाळ्यात जो पाऊस-बर्फ मिळतो तो पश्चिमेकडून येतो, भूमध्य समुद्र, कॅस्पियन त्या बाजूने ओलावा घेऊन येणाऱ्या प्रणाल्या असतात, वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात, आपल्या पेपरात पश्चिमी झंझावात लिहितात. त्या आल्या तर बर्फ, नाही आल्या तर नुसती थंडी. आणि गंमत नाही, नीट समजून घ्यायची गोष्ट आहे, ढग नसले की रात्रीची थंडी उलट वाढते, आकाश मोकळं असल्यावर जमिनीची उष्णता निघून जाते आणि गार हवा जड असल्यामुळे खाली दरीत साचते, त्यामुळे कोरड्या रात्री श्रीनगरला कधीकधी गुलमर्गपेक्षा जास्त थंडी असते. म्हणजे आम्ही जो उणे पाचचा आकडा बघून खूश होत होतो तो बर्फ पडत नसल्याचीच खूण होता. हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले आता आलोच आहोत तर गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, वर तरी जाऊया. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तिथेही पातळच, मग दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, तिथे होता थोडा बर्फ. आमच्याबरोबर टंगमर्गचा एक गाईड होता, साठीचा माणूस, आयुष्यभर स्की शिकवलेला. मुलगा त्याला सारखे प्रश्न विचारत होता म्हणून त्याने आपली काठी उलटी धरली आणि आमच्यासमोर बर्फात हळूहळू खुपसली. वर चार बोटं टणक, वाऱ्याने घासून पापुद्र्यासारखं झालेलं, काठी टक् करून अडकली. जोर दिला तशी ती पापुद्रा फोडून एकदम सरसर खाली गेली, जणू खाली काही नाहीच. मग त्याने हाताने खणून खालचा बर्फ मुठीत घेऊन दाखवला. तो मुठीत बसेचना, गोळा होईना, बोटांच्या फटीतून साखरेसारखा सांडायला लागला. दाणे एवढे स्वच्छ की कडा दिसत होत्या. तो म्हणाला, "मॅडम, ये नीचे चीनी है, इसपे जो भी बैठेगा, फिसलेगा." बर्फाचा थर पातळ, वर कडाक्याची थंडी, खाली जमीन त्या मानाने उबदार, मग खालची वाफ थरातून वर चढत राहते आणि आठवड्याभरात त्या बर्फाची अशी साखर होते, एकाला एक चिकटत नाही. ह्याच्यावर उद्या दोन फूट नवा बर्फ पडला तर तो कशावर उभा राहणार?

जानेवारी सरता सरता तिथे बर्फ सुरू झाला, फेब्रुवारीत चांगलाच पडला, २१ तारखेपासून गुलमर्गला खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पण सुरू झाले, आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला वरच्या उतारावर हिमस्खलन होऊन रशियाचा एक स्कीअर गेला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, अफरवटच्याच बाजूला पोलंडचे दोघं गेले होते. रशियाच्या त्या स्कीअरची बातमी मी सावईवेऱ्याला ओट्यावर बसून वाचली आणि मला त्या माणसाच्या मुठीतून सांडणारी ती साखर दिसली. तेव्हापासून ह्या विषयात मी पडले ते पडलेच, कारण मुलाने तोवर ठरवून टाकलं होतं की तो गुलमर्गला चौदा दिवसांचा स्कीचा कोर्स करणार.

आता मला जे कळलं ते सांगते. मी काही हवामान शास्त्रज्ञ नाही, पण पावसाच्या मुलखातली आहे, आणि माझं म्हणणं आहे की गोव्याच्या माणसाला बर्फाचा अंदाज समजायला दुसऱ्या कुणाहीपेक्षा सोपा जायला पाहिजे.

सगळ्यात पहिली उंची. आपल्याला सावंतवाडी आणि आंबोली माहीत आहे. एकाच दिवशी सावंतवाडीत ऊन असतं आणि तासाभरावर आंबोलीत समोरची गाडी दिसत नाही. कुणी "सिंधुदुर्गात पाऊस" म्हटलं तर आपण लगेच विचारतो, घाटात की खाली? बर्फाचं तसंच, फक्त तिथे फरक पाऊस कमी-जास्त एवढाच नसतो, पाऊस की बर्फ हाच असतो. श्रीनगर साधारण १५८५ मीटरवर, टंगमर्ग २१५० च्या आसपास, गुलमर्ग २६५०, कोंगडोरी ३००० च्या थोडं वर आणि गोंडोलाचं शेवटचं स्टेशन ३९५० च्या आसपास. एक हजार मीटर वर गेलं की हवा सुमारे ६ ते साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे ढगाळ दिवशी श्रीनगरला ८ अंश असेल तर गुलमर्गला एक-दोन अंश आणि वर अफरवटला उणे सहा-सात. त्या दिवशी श्रीनगरला पाऊस, गुलमर्गला ओला चिकट बर्फ नाहीतर बर्फमिश्रित पाऊस आणि वर कोरडा भुसभुशीत बर्फ, तिन्ही एकाच ढगातून. बातमी मात्र एकच, "काश्मीरमध्ये बर्फवृष्टी".

अंदाज सांगणाऱ्या चांगल्या साईट शून्य अंशाची उंची देतात, फ्रीझिंग लेव्हल म्हणून, ती मी आता सगळ्यात आधी बघते. त्या रेषेच्या खाली दोन-तीनशे मीटरपर्यंत बर्फ वितळता वितळता पोचतो, त्याच्या खाली पाऊसच. रेषा ३२०० वर असेल तर गुलमर्गच्या गावात भिजायची तयारी ठेवा. रेषा २००० वर असेल तर टंगमर्गपासूनच पांढरं. ह्या एका आकड्याने अर्धा गोंधळ मिटतो.

आणि फोनवरचं जे साधं ॲप असतं त्यात गुलमर्ग टाकलं की एकच तापमान दिसतं, ते नक्की कुठल्या उंचीचं हे कुणी बघत नाही. हे अंदाज संगणकावरच्या मॉडेलांतून येतात आणि ही मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडून हिशोब करतात. युरोपचं जे नावाजलेलं मॉडेल आहे त्याचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा, आपल्या देशाने मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू केली तिचा ६ किलोमीटरचा, ही जगात खूप बारीक मानली जाते. पण गोंडोलाचे दोन्ही टप्पे मिळून पाचेक किलोमीटरचे! म्हणजे गुलमर्गचं माळ आणि अफरवटचा खांदा, तेराशे मीटरचा फरक, दोन्ही एकाच चौकोनात जाऊ शकतात आणि मॉडेल त्या चौकोनाची सरासरी उंची धरतं, जी ना गावाची असते ना डोंगराची. फोंड्याचा अंदाज बघून कुणी मोल्याच्या घाटात सुपारी वाळत घालेल का? म्हणून डोंगराच्या खास साईटवर पायथा, मध्य आणि माथा असे तीन वेगळे अंदाज असतात, तेच बघायचे, आणि आपल्या बायकापोरांना माथ्यावर उभं राहायचंय की पायथ्याशी ते ठरवून त्यातला एक धरायचा.

दुसरं मोजमाप. आमच्या बाबांच्या वहीमुळे हे मला पटकन लक्षात आलं. अंदाजात बरेचदा पाण्याचे मिलिमीटर दिलेले असतात. १ मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने १ सेंटिमीटर बर्फ होतो. पण हे ढोबळ. हवा शून्याच्या जवळ असेल तर बर्फ ओला, जड, तेवढ्याच पाण्यात अर्धाच फुगतो, नारळाच्या ओल्या किसासारखा दाबून बसतो. उणे दहाच्या खाली असेल तर तोच पंधरा-वीस पटीने फुगतो, हातात घेतला तर वजन लागत नाही, फुंकर मारली की उडतो, ज्याला स्कीवाले पावडर म्हणतात आणि ज्याच्यासाठी जगभरातून लोक गुलमर्गला येतात. म्हणून "२० मिलिमीटर" वाचून तेवढ्यावर थांबायचं नाही, शेजारचं तापमान वाचायचं, २० मिलिमीटरचा एक वीत बर्फ पण होतो आणि फूटभर पण, आणि पायथ्याशी नुसता चिखल पण.

मुलाचा एक मित्र पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, आता ऑस्ट्रियात हॉटेलात कामाला आहे. त्याने तिकडच्या स्की रिसॉर्टचं रोज सकाळी निघणारं पत्रक व्हिडिओ कॉलवर दाखवलं. खाली इतके सेंटिमीटर, वर इतके सेंटिमीटर, गेल्या चोवीस तासांत नवा किती, शेवटचा बर्फ कुठल्या तारखेला पडला, किती लिफ्ट चालू, किती उतार चालू, हिमस्खलनाचा धोका पाचपैकी किती. एवढंच, पोस्टकार्डावर मावेल. पण प्रत्येक आकड्याचा अर्थ वेगळा आणि एक वाचून दुसरा समजून चालत नाही. सीझनचा एकूण बर्फ चारशे सेंटिमीटर असं कुणी जाहिरातीत लिहिलं तर त्याचा अर्थ आज जमिनीवर चार मीटर आहे असा होत नाही, पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने बसतो, वाऱ्याने उडतो, उन्हाने वितळतो. वाळपईला दोनशे इंच पाऊस पडला म्हणून वाळपईत दोनशे इंच पाणी उभं नसतं ना, तसंच. जमिनीवरची खोली, तिला बेस म्हणतात, ती महत्त्वाची. गवताळ सपाट उतारावर फूटभर दाबलेला बर्फ शिकाऊ माणसाला पुरतो, दगड आणि झुडपं असतील तिथे तीन-चार फूट लागतो, नाहीतर वरून पांढरं दिसतं आणि स्की दगडावर बसते. मुलाच्या स्कीच्या तळाला असा एक लांब ओरखडा आहे, नखाने चाचपला की नख आत जातं.

आणि शेवटचा बर्फ कधी पडला ती तारीख. नवा पडला की दोन दिवस मऊ. मग वारा लागला की वर पापुद्रा, ऊन लागलं की दुपारी लापशी आणि रात्री गोठून सकाळी काच. मार्चमध्ये म्हणूनच सकाळी लवकर घाई करून उपयोग नसतो, दहा-अकराला वरचा थर थोडा सुटला की घसरायला मजा आणि दुपारनंतर पाय रुततात. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. आपल्याकडे जसं मृग, आर्द्रा तसं. त्या गाईडने सांगितलं होतं की चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ मुरतो आणि टिकतो, नंतरचा पाहुण्यासारखा येतो आणि जातो.

तिसरी गोष्ट, किती दिवस आधीचा अंदाज खरा मानायचा. ह्यात आमची सगळ्यात मोठी चूक झाली होती आणि अजून लोक तीच करतायत. पंधरा दिवस पुढे बर्फाचं चिन्ह दिसलं म्हणून विमानाची तिकिटं काढतात. मी आता दोन महिने रोज लिहून बघितलं, वहीत, बाबांच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर. दहा दिवसांपुढचं चिन्ह आज असतं, उद्या नसतं, परवा परत येतं, त्यावर एक रुपया लावू नये. सहा-सात दिवसांवर आलं की काहीतरी येतंय एवढं खरं धरायचं. तीन दिवसांवर आलं की किती आणि कुठल्या उंचीवर ह्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. शास्त्रज्ञ स्वतःच एकच मॉडेल सुरुवातीची स्थिती किंचित बदलून पन्नासेक वेळा चालवतात, पन्नासांतली चाळीस उत्तरं बर्फ म्हणाली तर भरवसा, दहाच म्हणाली तर नुसती शक्यता. आपण घरबसल्या एवढंच करायचं, दोन-तीन वेगळ्या मॉडेलचे अंदाज बघायचे आणि ते एकमेकांशी जुळतायत का, आणि कालचा आजच्याशी जुळतोय का ते बघायचं. आपल्या हवामान खात्याच्या भाषेतही अर्थ भरलेला असतो, तुरळक ठिकाणी म्हणजे भागातल्या पाव ठिकाणांपर्यंतच, बहुतांश ठिकाणी म्हणजे पाऊणच्या वर, आणि आपण दोन्ही एकाच सुरात वाचतो.

ह्याच रीतीने आम्ही २०२५ ला वागलो. मुलाचा कोर्स फेब्रुवारीअखेरचा मिळत होता. त्या फेब्रुवारीतही गुलमर्ग कोरडं होतं, २२ तारखेला सुरू व्हायचे खेलो इंडियाचे खेळ बर्फ नाही म्हणून पुढे ढकलावे लागले. घरात सगळे म्हणाले रद्द कर. मी म्हटलं थांबा, आणि वीस तारखेनंतर वहीत बघते तर पश्चिमेकडून येणारी मोठी प्रणाली रोज दिसतेय, आज दिसते उद्या जाते असं नाही, रोज, आणि शून्याची रेषा गुलमर्गच्या खाली उतरतेय. कोर्स मार्चच्या पहिल्या आठवड्यावर ढकलून घेतला. महिनाअखेरीला तिथे भरपूर बर्फ पडला आणि मग ते खेळही ९ ते १२ मार्चला झाले. मुलाला पूर्ण दिवस मिळाले. पण त्याच प्रणालीने २८ फेब्रुवारीला उत्तराखंडात बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन झालं, आठ माणसं गेली. एकाच ढगाने एकीकडे खेळ झाले आणि एकीकडे हे. मी तो आठवडा फोनच्या बाजूलाच बसून काढला.

म्हणून धोक्याच्या सूचना वाचायला शिकलं पाहिजे हे मी हात जोडून सांगते. जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन खातं जिल्हावार सूचना काढतं, "बारामुल्ला जिल्हा, २४०० मीटरच्या वर, मध्यम धोका" अशा पद्धतीची. लोकांना वाटतं बारामुल्ला म्हणजे कुठेतरी लांब. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यातच आहे आणि २६५० मीटरवर आहे! आणि पाचाच्या मोजपट्टीवर तीन हा आकडा परीक्षेतल्या पन्नास टक्क्यांसारखा वाटतो, पण युरोपात स्कीवाल्यांचे सगळ्यात जास्त मृत्यू तीनच्याच दिवशी झालेत, कारण चार-पाचला लोक घाबरून घरी बसतात आणि तीनला निघतात. गोंडोलाचा दुसरा टप्पा वाऱ्यामुळे किंवा ह्या धोक्यामुळे बंद ठेवला तर तिथल्या माणसांशी भांडायचं नाही, जे मी आपल्याच मराठी लोकांना करताना बघितलंय. बर्फ पडतोय त्या दिवशी वर जायला मिळेलच असं नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही, टंगमर्ग ते गुलमर्ग तेरा किलोमीटरचा रस्ता आहे तिथे साखळी लावलेल्या गाड्याच सोडतात, आणि श्रीनगरची विमानं पण रखडतात. चार दिवसांच्या टूरमध्ये एक दिवस गुलमर्ग असेल तर हे गणित बसत नाही. दोन रात्री वर ठेवा म्हणून सांगा.

उत्तराखंडातल्या औलीचं थोडक्यात सांगते कारण तिथेही आपले लोक जातात. तिथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी कृत्रिम बर्फ करायची यंत्रं बसवली होती, त्यामुळे टूरवाले म्हणतात नैसर्गिक नसला तर मशीनचा असतो. मशीनलाही थंडी आणि कोरडी हवा लागते, हवा दमट असेल तर शून्याच्या खाली एक-दोन अंश असूनही बर्फ धरत नाही, मशीन आहे एवढ्यावर निघू नका. आणि जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे जमीन खचायला लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये बंद केला, तो चालू धरून बुकिंग घेणाऱ्याला आधी तेच विचारा. मनालीला सोलंग २५०० मीटरच्या आसपास आहे, तिथे कोरडं असेल तर अटल टनेलच्या पलीकडे सिस्सूला, जे ३१०० च्या आसपास आहे, बर्फ मिळायची शक्यता जास्त. परत उंचीच.

आता तुमच्याकडे मागणं. डिसेंबर ते मार्च, पावसाच्या इंचांची जी चौकट पावसाळ्यात असते ती जागा हिवाळ्यात रिकामीच असते. तिथे तीन ओळी द्या. गुलमर्ग, सोलंग, औली, प्रत्येकाची उंची, सकाळी साडेआठला जमिनीवर किती सेंटिमीटर, चोवीस तासांत नवा किती. श्रीनगरचं हवामान केंद्र गुलमर्गचा बर्फ मोजून रोज देतं, मागवायला काही अवघड नाही. आकडा मिळाला नाही तर "नोंद नाही" असं छापा, ते पण चालेल, निदान कुणी गृहीत तरी धरणार नाही. आणि बर्फाचा फोटो छापाल त्याखाली तो कुठल्या तारखेचा ते लिहा. जुना फोटो असेल तर तसं लिहा. आमच्या अकरा माणसांपैकी जाऊबाईंची आई आता नाही. तिला बर्फ बघायला मिळाला नाही, गोंडोलात तिला चढवणं शक्यच नव्हतं, ती खाली गवतावर खुर्ची टाकून आमची वाट बघत बसली होती. एवढे पैसे खर्च करून, एवढ्या लांब, त्या वयात. त्या आठवड्यात ह्या तीन ओळी इथल्या पेपरात आल्या असत्या, "गुलमर्ग, जमिनीवर ० सेंटिमीटर", तर आम्ही टूरवाल्याशी भांडून तारीख फेब्रुवारीवर नेली असती.

माझी नणंद ह्या वर्षी परत जायचं म्हणतेय. तिला मी सांगितलंय की पैसे परत मिळतील असंच बुकिंग घे, तारीख फेब्रुवारीच्या मध्यावर धर, आणि टूरवाल्याने व्हिडिओ पाठवला की त्याला त्या दिवशीचा पेपर हातात धरून नवा काढायला सांग. आकडे मी रोज सकाळी साडेआठनंतर तिला पाठवणार आहे, वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत. तुम्ही छापायला लागलात तर तुमच्याकडूनच घेईन.

देव बरें करूं.

आपली नियमित वाचक,
सावईवेरें, फोंडा